मागं ठेवलेलं मन

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. लोक वाचून हसले पाहिजेत." मी हो म्हणाले. कुणी काही मागितलं की हो म्हणायची मला जुनी खोड आहे. मग चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. गमती आठवत होत्या, पण कुठूनही निघाले तरी येऊन थांबायचे एकाच दारात. म्हणून आधीच सांगून टाकते. सुरुवातीला थोडं हसू आहे, पुढे नाही. ज्यांना हसायचंच आहे त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

मी काय नोकरी करत होते हे माझ्या धाकट्या जावेलाही शेवटपर्यंत कळलं नाही. ती चारचौघांत सांगायची, "आमच्या जाऊबाई पाड्यांवर जाऊन शास्त्र शिकवतात." शिकवत नव्हते. नेमकं तेच करायचं नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम होता. माझं काम ऐकायचं होतं.

बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. वारा फिरला की औद्योगिक वसाहतीचा वास थेट खिडकीतून टेबलावर यायचा. तिथं पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, भाषांतर चाले, इकडच्या डोंगरपट्टीच्या बोलीत. मसुदा लिहायचे मास्तर. ते त्याच बोलीत लहानाचे मोठे झालेले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी लिहिलेलं पान घेऊन मी पाड्यावर जायची. ज्यानं ती गोष्ट जन्मात ऐकलेली नाही असा माणूस शोधायचा. त्याला पान वाचून दाखवायचं. मग विचारायचं, "काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग." तो सांगेल ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. तो चुकला तर मास्तरांचं वाक्य चुकलं, माणूस नाही. वाक्य बदलायचं आणि नवीन माणूस शोधायचा.

आणि दुसरा नियम, पहिल्याहून अवघड. चेहरा कोरा ठेवायचा. चूक सांगितलं तरी कपाळाला आठी नको, बरोबर सांगितलं तरी मान हलवायची नाही. बरोबर हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. आपल्या माणसांना पाहुण्याचं मन राखायची सवय. बाईला काय आवडलं हे एकदा कळलं की ते पुढे तेच सांगत राहतात. आमचे हे तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते. मी काम धरलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात शिकवण दिली. "मी पाणी तपासतो, तू वाक्यं तपास. पण नमुन्यात बोट बुडालं की नमुना गेला, हे ध्यानात ठेव." माझं बोट चोवीस वर्षं बुडालं नाही. ऑफिसात त्याचा मला ताठा होता, आणि तो मी लपवतही नसे.

आता गमतीच म्हणाल तर होत्या. सुरुवातीची काही वर्षं आम्ही किनाऱ्याच्या कोळीवाड्यांतही जात होतो. एका म्हाताऱ्या कोळणीला मी जाळं फाटेस्तोवर मासळी लागल्याची गोष्ट वाचून दाखवली. दोन होड्या भरतात, आणि ते कोळी सगळं तिथंच टाकून येशूच्या मागे जातात. म्हातारी पदर खोचून ऐकत होती. संपल्यावर मी विचारलं, काय समजलं. ती म्हणाली, "मासली कंची ते लिवलं नाय."

माझा चेहरा कोरा.

"दोन होड्या मासली किनाऱ्यावर टाकली नि गेलं? बर्फ कोन भरल? त्यांच्या बायकांना कोनी सांगलं का नाय?" मग माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "पुरुषानं लिवलेलं दिसतंय." ऑफिसात हे वाचून दाखवलं तर मास्तर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. पण खरं सांगते, तेव्हापासून ती गोष्ट चर्चमध्ये निघाली की मीही त्या बायकांचाच विचार करते.

माकुणसारला एका बागायतदार आजोबांनी मला पेरणाऱ्याच्या गोष्टीत मध्येच थांबवलं होतं. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, इथपर्यंत त्यांनी कसंबसं सोसलं. मग म्हणाले, "बाय, ह्याला आधी घरी पाठव. ह्याला बी फुकट मिळालेलं दिसतंय." तेही मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

तर अशी ही नोकरी. आता ज्या शब्दापाशी येऊन थांबते तो शब्द सांगते.

मूळ ग्रीक भाषेत तो शब्द आहे अपिस्तिया. मी ग्रीक शिकलेली नाही. आमच्याकडे दक्षिणेतून एक सल्लागार वर्षातून दोनदा येत, त्यांना ग्रीक येत होतं आणि मराठी अजिबात येत नव्हतं. आमचं बोलणं हिंदीत चाले, त्यांच्या हिंदीत आणि माझ्या हिंदीत, त्यामुळे दोघांनाही दया यावी अशी भाषा. त्यांनी समजावलं की पुढचा 'अ' आपल्यासारखाच, नाही या अर्थाचा, आणि मागचा शब्द म्हणजे भरवसा. पण देवच नाही असं म्हणणारा नास्तिक यात येत नाही. येशू ज्या गावात लहानाचा मोठा झाला त्या गावच्या लोकांनी त्याला ओळखलं होतं, त्याची आई-भावंडं त्यांच्या ओळखीची होती, तरी त्यांनी त्याच्यावर भार टाकला नाही. त्यांच्यासाठी हा शब्द आहे. दिलेला शब्द न पाळणाऱ्यांसाठीही कुठं कुठं आहे. सल्लागार हात पुढे करून म्हणाले, "मॅडम, ये दिमाग का बात नहीं है. हाथ का बात है. हाथ पूरा नहीं देना." मी ते वहीत लिहिलं आणि मला फार आवडलं.

हा शब्द सगळ्यात अवघड जागी येतो तो एका बापाच्या तोंडी. त्याच्या मुलाला फेफरं येतं. मूल कधी विस्तवात पडतं, कधी पाण्यात. बाप त्याला घेऊन येशूकडे येतो आणि काही करता आलं तर करा म्हणतो. येशू म्हणतो की भरवसा ठेवणाऱ्याला सगळं होऊ शकतं. तेव्हा तो बाप रडत एका दमात दोन गोष्टी बोलतो. माझा भरवसा आहे, आणि जो नाही त्यात मला हात दे. या 'जो नाही त्या'च्या जागी बोलीत काय लिहायचं, यावर आमचे नाकी नऊ आले.

आधी अविश्वास लिहून पाहिलं. एका पाड्यावर पाच जणांना वाचून दाखवलं, पाचही जणांना सरपंच आठवला. आदल्याच वर्षी त्यांच्या ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव झाला होता. एकानं विचारलं, "येशूवर ठराव कोनी मांडला? सह्या किती झाल्या?" मग संशय लिहिलं, तर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. संशय म्हणजे नवरा बायकोवर घेतो तो. मग 'भरवसा नाय' लिहिलं. त्याचा अर्थ निघाला मनोरला जाणारी टमटम, येईल तर येईल. असे नऊ-दहा शब्द वाया गेले. मास्तर पेन आपटून म्हणाले, "आमच्या बोलीत हे दुखणंच नाय, तं शब्द कुटून आनू?"

तेव्हा युक्ती मला सुचली. ती माझीच होती, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. मी म्हणाले, ज्याच्या घरी फेफऱ्याचं मूल आहे अशा बापाला वाचून दाखवू. त्याला तो दुसरा बाप लवकर कळेल.

मास्तरांनी मासवणच्या पुढे एक पाडा सांगितला. तिथं जानू राहत होता. तिशी-पस्तिशीचा, अंगानं काटक, चार महिने डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि उरलेले महिने बोईसरला माल चढवायचं काम. त्याची मुलगी रंजना अकरा वर्षांची होती. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता, चुलीत पडल्याचा. पण गेलं दीड वर्ष तिला सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत होत्या आणि एकदाही फेफरं आलं नव्हतं. ती शाळेत जात होती. हे सगळं त्यानं मला वाचन सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं नाही.

अंगणात खाट टाकली होती. जानू उकिडवा बसला, रंजना त्याच्या पाठीला टेकून पायानं जमिनीवर रेघा काढत होती. आत त्याची बायको यमुना भाकरी थापत होती. मी वाचलं. बापाच्या त्या वाक्यापर्यंतच वाचलं आणि थांबले, कारण मास्तरांनी तेवढंच लिहिलं होतं. शब्द सापडल्याशिवाय ते पुढचं लिहीत नसत.

मी विचारलं, "काय समजलं ते सांग."

जानूनं ते बापाचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "ह्यो बाप खोटा नाय. त्याचा भरवसा हाय. पन थोडं मन मागं ठेवलंय त्यानं."

"मागं ठेवलंय म्हणजे?" हा प्रश्न विचारायची मुभा असते.

"आता बगा. पोर आजारी. भगताकडं नेली. भगत सुपात तांदूल टाकून बगतो, सांगतो, आता पोर माज्या हाती. आपून हो म्हनायचं. पन डाक्टरची गोली कमरंला बांदून ठेवायची. भगताचं नाय झालं तं गोली हाय. मंग भगत काय करल? त्याच्या हाती पोर दिलीच नाय. आमच्यात असं हाय बाय, एकाच्या हाती दिलं का दुसऱ्याकडं बगायचं नाय. गोली ठेवली ना, ते मन मागं ठेवलेलं."

मला त्या क्षणी काय झालं ते आज लिहितानाही सांगता येत नाही. दहा शब्द वाया गेले होते, आठ महिने गेले होते, आणि या माणसानं सहज पुरा शब्द माझ्या ओंजळीत टाकला होता. सल्लागारांचं ते हात पूरा नहीं देना, अगदी तेच. ग्रीक न येणाऱ्या माणसानं ग्रीक सांगावं तसं. माझे डोळे भरून आले.

"बरोबर," मी म्हणाले. "अगदी बरोबर बोललास जानू."

"बरोबर?" त्यानं विचारलं.

"शंभर टक्के बरोबर."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा बोट बुडालं. मी मान खाली घालून भराभरा लिहीत होते, गोळीचा दाखला खाली दोन रेघा ओढून. मध्ये एकदा वर पाहिलं तेव्हा जानू मागे वळून पोरीकडे बघत होता. मला ते दिसलं. मी पुन्हा लिहायला लागले.

ऑफिसात त्या दिवशी चहाबरोबर जिलेबी आली. मास्तरांनी ओळ लिहिली ती आमच्या मराठीत अशी होईल: मी भार टाकतो, पण माझं मन मागं राहतं, ते तूच ओढून घे. सल्लागार आले तेव्हा त्यांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि गोळीचा दाखला ऐकून टेबलावर हात मारला. इतक्या भाषांत हे वाक्य तपासलं, पण असं कुठं मिळालं नाही, म्हणाले. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे निवृत्त होऊन खुर्चीला लागले होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तू बरोबर म्हणालीस? त्याला?" मी म्हणाले, एकदा म्हटलं तर काय बिघडलं.

नियमाप्रमाणे दुरुस्त पान त्याच माणसाला पुन्हा वाचून दाखवायचं असतं. मास्तरांनी गोष्ट पुरी केली तेव्हा अडीच महिने झाले होते. निघताना ते म्हणाले, "बाय, जानूची पोर गेली म्हनतात. जपून बोला." मला वाटलं, आजार होताच.

घरी यमुना एकटी होती. जानू बोईसरला कामावर होता. तिनं मला पाणी दिलं, बसायला पाट दिला. मी म्हणाले, फार वाईट झालं, कसं झालं. ती मला दोष द्यायला बोलत नव्हती, हे मी लिहून ठेवते. दोष दिला असता तर मी निदान भांडले असते.

"त्यानं गोल्या बंद केल्या ना," ती म्हणाली. "तुमी गेल्या त्याच दिशी. म्हनला, वाचनारी बाय बोलली, शंबर टक्के बरोबर हाय. त्या येशूवर भार टाकायचा तं पुरा टाकायचा, मन मागं नाय ठेवायचं. पंदरा दिस पोरीला काय झालं नाय. तो लय खुशीत व्हता. मला म्हनं, बग."

सोळाव्या की सतराव्या दिवशी सकाळी रंजनाला फेफरं आलं ते थांबेना. एक सुटायच्या आत दुसरं. जानूनं तिला पाठीवर घेतलं आणि रस्त्याच्या दिशेनं पळाला. गाडी मिळाली तेव्हा दुपार झाली होती. मासवणचा पूल यायच्या आत ती गेली.

मी उठले. वहीत काही लिहिलं नाही. परतीच्या टमटममध्ये एक बाई मला सारखं विचारत होती, मावशी, बरं नाही का, पाणी हवंय का.

दुसऱ्या दिवशी मी पालघरला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, "ही गोळी एकदम तोडायची नसते. तोडली की झटके आधीपेक्षा जोरात येतात, एकामागून एक. चालू असती तर मुलगी आज शाळेत असती." मग विचारलं, "तोडायला सांगितली कुणी?" मी म्हणाले, कुणी सांगितली नाही, त्यांनी आपल्याच मनानं तोडली. खोटं नव्हतं ते. पण खरं होतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

ही गोष्ट मी ह्यांना सांगितली नाही. मास्तरांना सांगितली नाही. ऑफिसात मात्र म्हणाले की ती ओळ काढा, दुसरी बघू. सल्लागारांनी फोनवर कारण विचारलं. मी म्हणाले, भगताचा वास येतो तिला. मास्तर चकित झाले. "ओळीत भगत कुटं हाय? तुमीच तं आनली ती." वहीतलं माझंच अक्षर त्यांनी माझ्यापुढे ठेवलं, खाली दोन रेघा ओढलेलं. माझ्या चोवीस वर्षांतलं सगळ्यात पक्कं टिपण ते. मी वही मिटली. ओळ राहिली. पुढे छापली गेली, आणि प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावर बोलावून मला शाल दिली तीही ह्याच कामासाठी. शाल मी घेतली. नाही म्हणून कारण काय सांगणार होते.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही मुद्दाम केलं नाही. चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघींना मी आडून विचारलं तर त्याही हेच म्हणाल्या, आणि पाळकसाहेबांनी क्षमेवर तासभर समजावलं. मी ऐकून घेतलं. मला क्षमा कळते, जन्म त्यातच गेला. पण क्षमा मागायची कुणाकडे? देवाकडे रोज मागते. देवाची मुलगी नव्हती ती. ज्याची होती त्याच्यासमोर जायचा धीर मला दीड वर्ष झाला नाही. मी काम सोडलं ते ह्यांच्या दुखण्याचं निमित्त सांगून. हे गेल्यावर तेही निमित्त उरलं नाही.

शेवटी पुस्तक पोहोचवायचं म्हणून गेले. मनाशी सगळं ठरवलं होतं. सांगायचं, जानू, मी बरोबर म्हणाले ते वाक्याला म्हणाले, गोळी बंद करायला नाही. गोळी चालू हवी होती. चूक माझी होती, तुझी नाही. बोईसरपासून मासवणपर्यंत ही चार वाक्यं मी पुटपुटत होते, शाळेतल्या मुलीनं कविता पाठ करावी तशी.

जानू घरीच होता. दीड वर्षात दहा वर्षांनी म्हातारा झालेला. त्यानं मला त्याच खाटेवर बसवलं. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवलं. त्याला वाचता येत नाही.

मी म्हणाले, "जानू, मला तुला एक सांगायचंय."

"मलाबी," तो म्हणाला. "आदी माजं ऐका. लय दिस वाट बगतू तुमची."

तो उठला, ओट्यावर चढला आणि छपराच्या वळचणीत हात घालून काहीतरी काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गोळ्यांची एक पट्टी होती. दहातल्या आठ शिल्लक. ती त्यानं माझ्या हातात ठेवली.

"सगल्या वड्याच्या पान्यात टाकल्या," तो म्हणाला. "ही ठेवली. हिंमत नाय झाली बाय. म्हटलं, नाय झालं बरं तं एक तरी असू द्या. यमुनाला नाय सांगलं, कोनाला नाय सांगलं. तिला झटकं आलं तवा ही मला आठवली नाय. नंतर आठवली. तवा समजलं, पोर का गेली ती. मीच मन मागं ठेवलं. हितं, छपरात."

चार वाक्यं होती, त्यांतलं एकही निघालं नाही. काय सांगणार होते मी? पट्टी ठेवलीस म्हणून नाही गेली रे, बाकीच्या टाकल्यास म्हणून गेली? आज तो स्वतःला भरवशात कमी पडलेला बाप समजतो. ते वाक्य ऐकल्यावर तो काय समजला असता? आणि न सांगावं तर जन्मभर ह्या आठ गोळ्यांचं ओझं त्याच्या मानेवर, जे त्याचं नाहीच.

जानूनं पुस्तक माझ्यापुढे केलं.

"त्या दिशी तुमी अर्ध्यावर थांबल्या. पुडचं वाचा."

मी पान काढलं. चष्म्यावर वाफ धरली होती, ती पुसली. बाप रडत बोलतो ती ओळ वाचली, जानूचीच ओळ. पुढचं वाचलं. येशू त्या दुखण्याला दटावतो. मूल मेल्यासारखं पडतं. लोक म्हणतात, मेलं. मग येशू त्याच्या हाताला धरून त्याला उठवतो आणि ते उभं राहतं. मी पुस्तक मिटलं.

"बरा झाला?" जानूनं विचारलं.

"झाला."

"बापानं मन मागं ठेवलं व्हतं, तरी?"

"तरी."

त्यानं अंगणाकडे पाहिलं. तिथं यमुनेनं वरी वाळत घातली होती आणि एक कोंबडी तिच्यात शिरली होती. त्यानं तिला हाकललं नाही.

"मंग माजी का नाय, बाय?"

पट्टी माझ्या मुठीत होती. उत्तर मला ठाऊक होतं, पालघरच्या डॉक्टरांनी अगदी सोप्या मराठीत सांगितलेलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. चोवीस वर्षं कोरा ठेवलेला चेहरा मी पुन्हा एकदा कोरा केला.

"मला ठाऊक नाही, जानू," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "तुमाला नाय ठावं, तं कोनालाच नसंल," म्हणाला, आणि यमुनेला चहा ठेवायला सांगितलं. माझ्यावर त्याचा पुरा भरवसा होता.